४,२९,४९,६७,२९७ : फर्माच्या हातून निसटलेली संख्या

बत्तीस वेळा २ मांडायचे, त्यांचा गुणाकार करायचा आणि आलेल्या उत्तरात १ मिळवायचा. तयार होते ४,२९,४९,६७,२९७. ही संख्या मूळ आहे का?

सतराव्या शतकातला थोर फ्रेंच गणिती पिएर द फर्मा याला ती मूळच वाटत होती. २ चा पहिला, दुसरा, चौथा, आठवा आणि सोळावा घात घेऊन प्रत्येकात १ मिळवला की ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ मिळतात. पाचही मूळ संख्या. घात असाच दुप्पट करत गेलो तर मूळ संख्याच मिळत राहतील, असे त्याने १६४० मध्ये पत्रांतून कळवले. १७३२ मध्ये लेओनहार्ट ऑयलरने पुढचीच संख्या फोडून दाखवली: ६४१ × ६७,००,४१७.

६४१ सापडावा कसा? समजा, आपल्या संख्येला प नावाच्या मूळ संख्येने भाग जातो. आता १ पासून दुप्पट करत जा आणि दर वेळी प ने भागून फक्त बाकी ठेवा. बत्तीस दुपटींनंतर बाकी उरते उणे १ (म्हणजे प ला एक कमी), चौसष्ट दुपटींनंतर १. म्हणजे चक्र बरोबर ६४ पावलांचे. पण प – १ दुपटींनंतरही बाकी १ च येते, हा फर्माचा स्वतःचा नियम! म्हणून प – १ ला ६४ ने भाग जायलाच हवा. अशा मूळ संख्या ओळीने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या प्रयत्नात काम फत्ते. हा नियमही फर्माने १६४० मध्येच पत्रातून मांडला होता. किल्ली हातात असून त्याच्याकडून हे कुलूप उघडायचे राहिले, याची मला आजही हुरहुर लागते.

भागाकार न करताही पडताळा घेता येतो, आणि तो मला या गोष्टीतला सर्वांत सुंदर भाग वाटतो. ६४१ म्हणजे ६२५ + १६, अर्थात ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. शिवाय ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि १२८ हा २ चा सातवा घात. त्यामुळे ६४१ ने भागताना ५ × १२८ ची बाकी उणे १ धरता येते. तिचा चौथा घात केला की १. म्हणजेच ५ चा चौथा घात गुणिले २ चा अठ्ठाविसावा घात, याची बाकी १. इथे ५ च्या चौथ्या घाताऐवजी उणे १६ लिहा, कारण दोघांची बाकी सारखीच. १६ हा २ चा चौथा घात, तेव्हा २ च्या बत्तिसाव्या घाताची बाकी उणे १ ठरते. त्यात १ मिळवला की शून्य!

६५,५३७ नंतर या माळेतली एकही मूळ संख्या अजून सापडलेली नाही. २ च्या घातांकात ३२ पासून दुप्पट करत गेल्यावर येणाऱ्या पुढच्या सलग अठ्ठावीस संख्या मूळ नाहीत, हे सिद्ध झाले आहे. त्यांच्यानंतरच्या संख्येत अडीचशे कोटींहून अधिक अंक आहेत आणि तिचा निकाल अजून लागलेला नाही.