सड्यावर झाडं लावू नका

जून तोंडावर आला की कोकणात वृक्षारोपणासाठी जागा शोधायची धांदल उडते आणि बोट हमखास सड्याकडे वळतं. गावाला लागून शे-दोनशे एकर उघडा कातळ, सातबाऱ्यावर पोटखराबा, सरकारी नकाशात पडीक. मे महिन्यात तिथे उभं राहिलं तर पायाखाली चटके देणारा काळा-तांबूस दगड आणि करपलेलं गवत, एवढंच दिसतं. इथे चार झाडं लावली तर बिघडलं कुठे, असं कुणालाही वाटेल. लावणाऱ्यांची तळमळ खरी असते, म्हणूनच हे स्पष्ट सांगायला हवं: बिघडतं, आणि पुन्हा दुरुस्त करता येत नाही असं बिघडतं.

सडा म्हणजे जांभ्याचं पठार. समुद्र आणि सह्याद्री यांच्या मधल्या पट्ट्यात, रत्नागिरी-सिंधुदुर्गापासून गोव्यापर्यंत हे सडे पसरले आहेत. लाखो वर्षांच्या पावसानं मूळ खडकातलं कॅल्शियम, पोटॅशियम, सिलिका असं वाहून जाण्यासारखं सगळं धुऊन नेलं, आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडं तेवढी मागे उरली. १८०७ साली फ्रान्सिस बुकानन यांनी मलबारातल्या अशाच दगडाचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्याला लॅटेराइट असं नाव दिलं. खाणीतून काढताना चिरा, म्हणजे जांभ्याचा कापलेला दगड, मऊ असतो आणि हवा लागली की टणक होतो, हे आपल्याकडच्या गवंड्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. वनस्पतींना मात्र या दगडाशी वेगळाच व्यवहार करावा लागतो. कातळावर माती साठते ती बोटभर, फार तर वीतभर. तिच्यात नत्र जेमतेम, आणि स्फुरद असलंच तर ते लोहाने घट्ट धरून ठेवलेलं. वर चार महिने धो धो पाऊस, उरलेले आठ महिने भाजून काढणारं ऊन. नेहमीची झाडंझुडपं इथे तग धरत नाहीत. जी धरतात ती याच हालअपेष्टांसाठी घडलेली आहेत, आणि त्यातली कित्येक जगात दुसरीकडे कुठेच नाहीत.

श्रावण-भाद्रपदात सड्यावर जांभळट निळा रंग पसरतो तो सीतेच्या आसवांचा. या फुलांचे फोटो सगळेच काढतात. खरी गंमत असते जमिनीखाली. या वनस्पतीला खरी मुळं नसतात. चिखलात पसरलेल्या केसासारख्या बारीक फाट्यांवर डोळ्यांना कसेबसे दिसतील असे फुगे असतात. प्रत्येक फुगा आपल्या आतलं पाणी सतत बाहेर टाकत राहतो, त्यामुळे आतला दाब कमी होतो आणि भिंती आत ओढल्या जातात. तोंडाशी एक पडदा असतो, पडद्यावर संवेदनशील केस. मातीतल्या पाण्यात पोहणारा एखादा सूक्ष्म जीव त्या केसाला लागला की पडदा आत उघडतो, फुगा फुलतो आणि पाण्याबरोबर तो जीव आत खेचला जातो. डोळ्याची पापणी लवायच्या आत हे सगळं उरकतं. वनस्पतींच्या जगात इतकी चपळ हालचाल क्वचितच सापडते. मग आत पाचक रस सुटतो आणि मातीत न मिळालेलं नत्र-स्फुरद त्या जीवाच्या शरीरातून मिळतं. शेजारीच दवबिंदू नावाची दुसरी कीटकभक्षी वनस्पती असते. ती हेच काम पानांवरच्या चिकट थेंबांनी करते.

हा सगळा खटाटोप परवडतो तो दोन अटींवर. मातीत खत नसावं आणि डोक्यावर सावली नसावी. सापळे बनवायला ऊर्जा लागते, ती उन्हातून येते. सड्यावर झाड वाढलं, त्याचा पालापाचोळा पडला, माती थोडी कसदार झाली, की गवतं आणि झुडपं आत शिरतात. उंचीनं बोटभर असलेल्या या वनस्पती त्यांच्या सावलीत दोन-तीन पावसाळ्यांत हटतात. जमीन सुधारली म्हणून आपण खूश होतो, आणि ज्यांचं घर होतं त्यांना तीच सुधारणा बाहेर काढते.

दीपकाडीची गोष्ट आणखी नाजूक आहे. शास्त्रीय नाव डिपकॅडी कोंकनेन्स. कोकण-गोव्याच्या जांभ्याच्या सड्यांशी ती बांधलेली आहे. जमिनीखाली छोटा कांदा. पहिला पाऊस पडला की अरुंद पानं आणि पांढऱ्या फुलांचा दांडा वर येतो. फुलं, फळं, बिया सगळं भरभर उरकून ती पुन्हा मातीत जाते. वर्षातला बहुतेक काळ तिचं अस्तित्व म्हणजे खड्ड्यातल्या चार बोटं मातीत झोपलेला कांदा. जानेवारीत एखाद्या प्रकल्पासाठी जमिनीची पाहणी झाली तर अहवालात दीपकाडी येणार कशी? ग्लायफोक्लोआ या गवताच्या वंशातल्या एका जातीला तर रत्नागिरीवरून रत्नागिरीका असं नाव आहे. तेही पावसाळी. पाहणी कोणत्या महिन्यात झाली हे विचारल्याशिवाय कुठल्याही सड्याला ओसाड म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे.

आता दगडांकडे वळू. सड्यावर सुटे दगड पडलेले असतात, ताटाएवढे, परातीएवढे. चिरेखाणीला ते निरुपयोगी, बागायतदाराला अडचण. अशाच दगडाखाली एक पाल राहते. १९६३ साली ग्रँडिसन आणि सोमण यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावच्या नमुन्यांवरून तिचं वर्णन केलं, आज ती हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस या नावानं ओळखली जाते. शेपटी धरूनही बोटाएवढीच, तपकिरी अंगावर पांढुरके आडवे पट्टे. आपल्या भिंतीवरच्या पालीची ही नातेवाईक, पण भिंत चढत नाही. जमिनीवर फिरते आणि दिवस दगडाखाली काढते. तिची वस्ती रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर आहे.

दगड तिला काय देतो ते नीट बघण्यासारखं आहे. पातळ कपची दुपारी वरपासून खालपर्यंत तापते, जाड दगडाचा तळ मात्र कितीतरी कमी तापतो. खाली थोडी ओल टिकते. ओलीमुळे वाळवी आणि इतर कीटक येतात, म्हणजे जेवण दारात. दगड आणि कातळ यांच्यातली फट अरुंद असेल तर शिकारी आत शिरत नाही. रात्री, साठलेली ऊब हळूहळू सुटते आणि थंड रक्ताच्या प्राण्याला ती उपयोगी पडते. हे सगळं एका दगडाच्या जाडीवर आणि तो कसा टेकलाय त्यावर ठरतं. म्हणून दगड उचलून पाहिला तर तो होता तसाच, त्याच जागी, हलक्या हातानं ठेवायचा. तिरका ठेवला तरी फट बदलते.

अर्थात सड्यावरचा दगड हातानं उलटू नये हे कोकणातलं पोरगंही सांगेल, कारण तिथे फुरसं हा विषारी साप असतो. ही भीती खरी आहे. फुरशाच्या विषानं रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. दंश झाला तर वेळ न घालवता दवाखाना आणि प्रतिविष, दुसरा उपाय नाही. इंग्रजी अमलात रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं मारण्यासाठी बक्षीस ठेवलं होतं, आणि १८६२च्या डिसेंबरात अवघ्या आठ दिवसांत लाखाच्या वर फुरशी जमा झाल्याची नोंद आहे. एवढं होऊनही फुरसं टिकलं, कारण त्याला राहायला सडा शाबूत होता. त्या इवल्या पालीच्या बाबतीत मात्र एकही पाल न मारता आपण तिला संपवू शकतो. दगड वेचून गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घातला की पुरे.

डोर्ल्याचंच आणखी एक रत्न म्हणजे २००३ साली वर्णन झालेलं एक देवगांडूळ, गेजेनिओफिस शेषाचारी. दिसायला गांडूळ किंवा बारकासा साप, प्रत्यक्षात बेडकांच्या नात्यातला उभयचर, आणि तो पिल्लांना जन्म देतो. एकाच गावाच्या परिसरातून विज्ञानाला दोन नवे प्राणी मिळाले, तर बाकीच्या सड्यांवर काय असेल?

या सड्यांवर आज सगळ्या बाजूंनी काम चालू आहे. आंब्याच्या कलमांसाठी सुरुंग लावून खड्डे पाडायचे आणि दुसरीकडची माती आणून भरायची, ही जुनी रीत. जेसीबी आल्यापासून तिचा वेग वाढला. चिरेखाणी सडा खोल कापत नेतात. बागायतदारांना किंवा खाणीवर पोट असणाऱ्यांना दोष देऊन भागणार नाही. हापूसवर कित्येक घरं उभी आहेत. पण सगळाच सडा एकाच कामाला लागला पाहिजे असं नाही. झाडं लावायचीच असतील तर सड्याचे उतार आहेत, पऱ्यांचे म्हणजे ओहोळांचे काठ आहेत, विरळ झालेल्या देवराया आहेत. तिथे ऐन, किंजळ, जांभूळ लावा, ती जगतील आणि शोभतील.

कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. कोकणातले सखल सडे त्या यादीत नाहीत. त्यांच्यावरची काही कातळशिल्पं मात्र २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली आणि निदान तेवढ्या कातळाकडे लोक आदरानं पाहू लागले. कायद्यात आणखीही वाट आहे. जैवविविधता कायदा २००२ खाली राज्य सरकार स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून एखादी जागा जैविक वारसा स्थळ जाहीर करू शकतं. २०२१ मध्ये आंबोलीत हिरण्यकेशीच्या मंदिराचं कुंड आणि परिसर असा जाहीर झाला, तो तिथे सापडलेल्या एका छोट्या माशासाठी. कुंडाला जमतं ते सड्याला का जमू नये?

त्यासाठी गावाच्या लोकजैवविविधता नोंदवहीत सड्याचं पान भरलेलं लागतं, आणि बहुतेक ठिकाणी ते कोरं असतं. भरायला फार काही लागत नाही. कोणत्या डबक्यात पाणी कधीपर्यंत टिकतं, गेंदाची पांढरी फुलं आणि सीतेची आसवं कुठे फुलतात, पहिल्या पावसानंतर दीपकाडी कुठे दिसते, सुटे दगड अजून कोणत्या भागात आहेत, गुरं कुठे चरतात. गुराख्यांना आणि कातळावरच्या खाचरांत वरी-नाचणी लावलेल्या म्हाताऱ्यांना यातलं बरंचसं तोंडपाठ आहे. फोटो आणि तारखेसह ते लिहून काढायचं काम गावची शाळा करू शकते. सुरुवात जूनमध्ये करावी, कारण दीपकाडी ऑगस्टपर्यंत थांबत नाही.