‘ट्रॅफिक दिसतंय’ म्हटल्यावर: रात्रीच्या व्हीएफआर उड्डाणांची पार्श्वभूमी

२९ जानेवारी २०२५ च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये पोटोमॅक नदीवर प्रवासी जेट आणि लष्करी हेलिकॉप्टरची टक्कर होऊन ६७ जण गेले. त्यानंतर गर्दीच्या हवाई हद्दीत रात्री व्हीएफआर, म्हणजे मुख्यतः बाहेर डोळ्यांनी बघून केलेलं उड्डाण, हवंच कशाला, असं विचारलं जाऊ लागलं. खरा वाद त्याहून नेमक्या जागी आहे: हवाई वाहतूक नियंत्रकाने दोन विमानांमधलं अंतर राखायची जबाबदारी वैमानिकाच्या डोळ्यांवर कधी सोपवावी?

अमेरिकेत १९२१ मध्ये टपाल विमानांना वाट दाखवायला रात्री जमिनीवर शेकोट्या पेटवल्या गेल्या. दोन वर्षांनी शिकागो ते शायेन मार्गावर दीपस्तंभ उभे राहू लागले. तेव्हा अडचण अंधाराची होती. आज मोठ्या शहरावर ती उजेडाची आहे.

१९५६ मध्ये ग्रँड कॅन्यनवर भरदिवसा दोन प्रवासी विमानं आदळली, १२८ मृत्यू झाले. एकमेकांना बघून टाळायचं, एवढीच तिथली व्यवस्था होती. दोन वर्षांत नवा कायदा आला. १९७० पासून मोठ्या विमानतळांभोवती परवानगीशिवाय शिरता न येणारी हद्द आखली जाऊ लागली, तीच १९९३ पासून ‘क्लास बी’. मधल्या काळात, १९७८ मध्ये, सॅन डिएगोत जेटच्या वैमानिकांनी पुढचं छोटं सेसना विमान दिसत असल्याचं कळवलं, मग ते नजरेतून निसटलं आणि टक्कर झाली. १४४ बळी गेले. तेही सकाळच्या स्वच्छ उजेडात.

एवढं होऊनही व्हिज्युअल सेपरेशन, म्हणजे वैमानिकाने दुसरं विमान बघून स्वतः अंतर राखण्याची पद्धत, टिकलं, कारण त्यावर वाहतूक चालते. क्लास बीमध्ये व्हीएफआर विमान आणि जेट यांच्यात नियंत्रकाला एरवी दीड मैल किंवा उंचीत ५०० फूट राखावे लागतात. वैमानिकाने ‘ट्रॅफिक दिसतंय, व्हिज्युअल सेपरेशन द्या’ म्हटलं आणि नियंत्रकाने मान्य केलं की हे आकडे बाजूला पडतात. सोय मोठी आहे, ती नाकारून चालणार नाही. पण ही मुभा दिवसाइतकीच रात्रीही मिळत आली, आणि ते मला पटत नाही. दिवसा विमानाचा आकार दिसतो, ते किती लांब आहे याचा अदमास येतो. रात्री दिसतो फक्त दिवा. टकरीच्या मार्गावर असलेलं विमान काचेत जागचं हलत नाही, त्यामुळे त्याचा दिवा खालच्या शहराच्या दिव्यांत मिसळून जातो. रांगेने उतरणाऱ्या विमानांपैकी नियंत्रक ज्याबद्दल बोलतोय तेच आपण पाहतोय, हे पडताळायचं कसं? नाइट व्हिजन गॉगलने अंधार कमी होतो, पण नजरेचा आवाकाही सुमारे ४० अंशांवर येतो.

वॉशिंग्टनमध्ये हे सगळं एकत्र आलं. हेलिकॉप्टरने जेट दिसत असल्याचं सांगून व्हिज्युअल सेपरेशन मागितलं, ते मिळालं. नदीवरून हेलिकॉप्टरांसाठी आखलेल्या त्या मार्गाची कमाल उंची २०० फूट. टकरीच्या वेळी ते पावणेतीनशेच्या आसपास होतं. यावरून दोष हेलिकॉप्टरच्या वैमानिकांवर टाकणारे पुष्कळ आहेत. पण तपासात निघालेला दुसरा आकडा मला जास्त गंभीर वाटतो: हेलिकॉप्टर २०० फुटांवर नदीकाठ धरून चाललं असतं, तरी ३३ क्रमांकाच्या धावपट्टीकडे उतरणाऱ्या विमानापासून अंतर जेमतेम ७५ फूट उरत होतं. म्हणजे नकाशावर सुरक्षित अंतर नव्हतंच; जे काही होतं ते कुणीतरी बघत असेल या भरवशावर. जेटमधल्या टीकॅसने, म्हणजे टक्कर टाळायला इशारा देणाऱ्या यंत्रणेने, ‘ट्रॅफिक’ असा इशारा दिला, पण इतक्या कमी उंचीवर ‘वर जा, खाली जा’ ही त्याची आज्ञा मुद्दाम बंद ठेवलेली असते. पूर्वसूचनाही होत्या. ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात त्या विमानतळाजवळ प्रवासी विमान आणि हेलिकॉप्टर एक सागरी मैल आणि ४०० फुटांच्या आत आल्याच्या १५,२१४ नोंदी होत्या.

भारतात सूर्यास्तानंतर २० मिनिटांपासून सूर्योदयापूर्वी २० मिनिटांपर्यंत व्हीएफआर उड्डाण करता येत नाही. स्थानिक आणि प्रशिक्षण उड्डाणांना नियंत्रकाच्या परवानगीने सूट मिळते. अमेरिकेत प्रशिक्षणाला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना म्हणूनच तिथली रात्रीची मोकळीक नवी वाटते. ‘इन साइट’ (दिसतंय) म्हणायची घाई करू नका, दिवा ओळखू येत नसेल तर ‘दिसत नाही’ असंच सांगा, हे त्यांना पहिल्या रात्रीच्या उड्डाणाआधी शिकवलं गेलं पाहिजे.

मार्च २०२५ मध्ये नदीवरच्या त्या मार्गाचा विमानतळाजवळचा तुकडा कायमचा बंद झाला आणि तिथे व्हिज्युअल सेपरेशनवर कडक मर्यादा आल्या.