मिठाच्या पाण्याने रंग पक्का होत नाही

हातमागाची चादर किंवा ठशांचं कापड घरी आलं की सल्ला ठरलेला: रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवा, रंग पक्का होतो. होत नाही.

मीठ लागतं ते रंगाऱ्याला, रंगवतानाच. पाण्यात सुती धाग्यावर ऋण विद्युतभार असतो, बऱ्याच रंगांवरही. दोघं एकमेकांना दूर लोटतात. मीठ हा दुरावा कमी करतं, एवढंच. रंग धरून ठेवण्याचं काम वेगळं. १९५६ मध्ये बाजारात आलेल्या, धाग्याशी रासायनिक बंध जोडणाऱ्या रिॲक्टिव्ह रंगांना त्यासाठी धुण्याच्या सोड्यासारखा अल्क लागतो, अनेक वनस्पतिजन्य रंगांना तुरटी.

दुसरा सल्ला व्हिनेगरचा. ते लोकर-रेशीम रंगवताना, तेही गरम पाण्यात, उपयोगी पडतं. धुतलेल्या सुती कापडाला त्याचा मिळतो तो फक्त वास.

मग बादलीत उतरतो तो रंग कुठला? बहुतेकदा धाग्याला न चिकटलेला, वरचा. तो जाऊ द्यावा: पहिले दोन-तीन धुणे वेगळे, गार पाण्यात, आणि पिळलेला ओला बोळा तसाच ठेवू नये. आधी शिवणीच्या आतल्या बाजूला ओला पांढरा रुमाल दाबून रंग लागतो का ते पाहा. नीळ, म्हणजे इंडिगो, मात्र कोरडीही बोटाला लागते. तिचे कण धाग्यात फार खोल शिरत नाहीत. त्यात रंगाऱ्याची लबाडी असेलच असं नाही.