जामखेडचा समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, बीड आणि धाराशिवच्या सीमेलगत असलेल्या अवर्षणग्रस्त जामखेड तालुक्यात १९७० साली सुरू झालेला सामुदायिक आरोग्य प्रकल्प. संस्थापक डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दाम्पत्य वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. गोरगरिबांसाठी खेड्यातच काम करायचे, हे त्यांनी लग्नाच्या वेळीच ठरवले होते.

आधी नेवासे तालुक्यातील वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात त्यांनी काही वर्षे काम केले. हगवण, कुपोषण, बाळंतपणातील गुंतागुंत यांचे तेच ते रोगी बरे होऊन जात आणि पुन्हा येत. बहुतेक आजार गावातच टाळता येण्याजोगे होते. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन दोघे परतले ते थेट जामखेडला.

सुरुवातीला गावोगावी शिकलेल्या परिचारिका नेमल्या, पण बाहेरून आलेल्या तरुण मुलींना गावाने आपले मानले नाही. तेव्हा गावातलीच बाई निवडून तिला शिकवण्याचा मार्ग निघाला, आणि प्रकल्पाचे खरे मोठेपण इथेच आहे. या ग्रामआरोग्य कार्यकर्त्या बहुधा निरक्षर होत्या. कित्येक दलित, कित्येक नवऱ्याने टाकलेल्या. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला मुक्कामी येत. सुरक्षित बाळंतपण कसे करायचे, हगवण लागलेल्या लेकराला मीठ-साखरेचे पाणी कसे पाजायचे, कुष्ठरोगाचा डाग कसा ओळखायचा, हे शिकत. सगळ्या जातींच्या बायका एकत्र जेवत आणि एकत्र झोपत. सत्तरच्या दशकातील मराठवाड्याच्या वेशीवर ही गोष्ट औषधाइतकीच महत्त्वाची होती, असे म्हणावे लागते.

जात मोडल्याशिवाय आरोग्य येत नाही, हे आरोळ्यांनी पाण्याच्या बाबतीतही ओळखले. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात कूपनलिकांच्या जागा मुद्दाम दलित वस्त्यांत धरल्या गेल्या. पाणी हवे तर सगळ्या गावाने त्याच हापशावर यायचे. लहान मुलांसाठी सामूहिक स्वयंपाकघरे चालवली. शेतकरी मंडळे आणि महिला मंडळेही उभी राहिली. कुष्ठरोग्यांना वेगळे न ठेवता इतरांबरोबरच उपचार दिले. या सगळ्यामागची प्रेरणा ख्रिस्ताच्या सेवेची होती, पण धर्मांतराची अट कुणालाही नव्हती. कार्यकर्त्या बहुतांशी हिंदू होत्या, मुस्लिमही होत्या.

प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये हजार जिवंत जन्मांमागे १७६ अर्भके दगावत. नव्वदच्या दशकात हे प्रमाण तीसच्या खाली आले. १९७८ मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातील आल्मा-आटा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जो विचार जगापुढे आला, त्याआधीच्या प्रत्यक्ष उदाहरणांत जामखेडचे नाव घेतले जाते. १९७९ मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि १९९० मध्ये रजनीकांत यांना पद्मभूषण. मेबल १९९९ मध्ये, तर रजनीकांत २०११ मध्ये निवर्तले. त्यानंतर काम पुढच्या पिढीने चालवले. जामखेडच्या प्रशिक्षण संस्थेत देशोदेशीचे डॉक्टर आणि कार्यकर्ते शिकायला येतात, आणि शिकवणाऱ्यांत या गावच्या बायकाही असतात.