ट्रम्पेटमधला अकरावा स्वर

जर्मनीतल्या लाइपझिगचा ट्रम्पेटवादक गॉटफ्रीड राइखे याचं एक तैलचित्र प्रसिद्ध आहे. साठीतला भारदस्त माणूस, एका हातात वेटोळं घातलेलं पितळी वाद्य, दुसऱ्या हातात स्वरलिपीचा कागद. संगीतकार योहान सेबास्टियन बाख 1723 मध्ये लाइपझिगला आला. तेव्हापासून 1734 मध्ये राइखे वारेपर्यंत बाखनं तिथे ट्रम्पेटसाठी जे अवघड भाग लिहिले, त्यांतले बहुतेक याच माणसाच्या दमावर विसंबून लिहिले असं मानलं जातं. आणि त्या काळच्या ट्रम्पेटला ना कळा होत्या, ना बोटांनी झाकायची भोकं. नुसती नळी.

नुसत्या नळीतून चाल वाजते कशी, हे कळलं की बरोक संगीत, म्हणजे बाखच्या आणि त्याआधीच्या काळातलं युरोपीय संगीत, आज जिवंत ठेवणाऱ्यांची धडपड नेमकी कशासाठी आहे तेही कळतं.

नळी सुमारे आठ फूट लांब, सोयीसाठी दुमडलेली. तिच्यातली हवा ठरावीक वारंवारितांनाच जोरात कंप पावते. मूळ कंपन सेकंदाला साधारण 70 वेळा धरलं, तर बाकीची त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशी चढत जातात. यांना हार्मोनिक म्हणतात. तंबोऱ्याची खर्जाची तार छेडल्यावर जो गंधार आपोआप कानावर येतो, ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो, तो पाचवा हार्मोनिक. तंबोऱ्यात हे सगळे एकदम ऐकू येतात. ट्रम्पेटवादक ओठांचा ताण आणि फुंकर बदलून त्यांतला हवा तो एक वर काढतो. आपल्या तुतारीचं शास्त्रही हेच.

खालच्या भागात या स्वरांमध्ये मोठमोठी अंतरं असतात, म्हणून तिथे फक्त लष्करी इशाऱ्यांसारख्या तुकड्याच वाजवता येतात. पण आठव्या हार्मोनिकपासून वर स्वर दाटीनं येऊ लागतात. आठवा सा, नववा रे, दहावा ग, बारावा प, पंधरावा नी, सोळावा पुन्हा सा. बरोक काळातले तरबेज वादक याच उंचीवर राहायचे. या वादनाला क्लारिनो म्हणत. बाखच्या दुसऱ्या ब्रँडेनबर्ग कॉन्चेर्तोत (एकल वाद्यं आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेत) तर ट्रम्पेट अठराव्या हार्मोनिकपर्यंत जातो. तिथे शेजारचे दोन स्वर जेमतेम अर्ध्या स्वराच्या अंतरावर असतात. ओठ किंचित सैल पडला की भलताच स्वर निघतो.

अकरावा आणि तेरावा मी मुद्दाम गाळले. शुद्ध मध्यम हवा तर मूळ कंपनाची 10⅔ पट हवी, तीव्र मध्यम हवा तर सव्वाअकरा पट. निसर्ग देतो अकरा. म्हणजे तो स्वर धड शुद्धही नाही, धड तीव्रही नाही. धैवताची तीच गत: शुद्ध धैवत 13⅓ वर, कोमल 12.8 वर, आणि नळी देते तेरा. बाखच्या स्वरलिपीत मात्र मध्यम आणि धैवत सर्रास येतात.

मग राइखे काय करत असेल? ओठांनी स्वर ओढत असेल. वरच्या वारंवारितांना ट्रम्पेटच्या रुंद तोंडातून बरीच ऊर्जा बाहेर निसटते, त्यामुळे नळीची ओठांवरची पकड ढिली पडते. तिथे वादक अकराव्या स्वराला खाली दाबून शुद्ध मध्यमाजवळ नेऊ शकतो किंवा वर ढकलून तीव्र करू शकतो. जुन्या मुखिका, म्हणजे ओठ टेकवायचे तुकडे, आजच्यापेक्षा रुंद आणि आतून धारदार कडेच्या असत. त्यांनी हे ओढणं सोपं होतं. हाताला यायला मात्र वर्षं लागतात.

ही विद्या लिहून ठेवायची नव्हती. पवित्र रोमन साम्राज्यात ट्रम्पेटवादकांच्या संघाला 1623 मध्ये सम्राटाकडून सनद मिळाली होती, आणि कसब उस्तादाकडून शागिर्दाकडेच जायचं. दरबार गेले, आवडी बदलल्या, 1818 मध्ये जर्मनीत व्हॉल्व्हचं, म्हणजे नळीची लांबी बदलणाऱ्या कळांचं, पेटंट घेतलं गेलं. साखळी तुटली. एकोणिसाव्या शतकात बाख पुन्हा वाजू लागला तेव्हा त्याचे ट्रम्पेटचे भाग जसेच्या तसे वाजवायला माणूस मिळेना. पुढे लहान, व्हॉल्व्हच्या ट्रम्पेटवर ते वाजू लागले. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांसोबत अवकाशात गेलेली दुसऱ्या ब्रँडेनबर्गची ध्वनिमुद्रिकाही आधुनिक वाद्यांवरचीच आहे.

1960 च्या सुमारास ओटो श्टाइनकॉफ या जर्मन वाद्यकारागिरानं तोडगा काढला: लांब नळी तशीच ठेवायची, पण तिला छोटी भोकं पाडायची. एक भोक उघडलं की वाद्य जणू सा वरून म वर चढतं, म्हणजे 4/3 पट. आता या चढलेल्या वाद्याचा आठवा हार्मोनिक घ्या: आठ गुणिले 4/3, उत्तर 10⅔. दहावा घ्या: 13⅓. अडलेले दोन्ही स्वर अचूक हातात! पहिल्यांदा हे गणित मांडून पाहिलं तेव्हा मला विलक्षण आनंद झाला होता. बाकीची भोकं काही हार्मोनिक दाबून टाकतात, त्यामुळे उरलेल्यांतलं अंतर वाढतं आणि चुकण्याची भीती कमी होते. आज मैफलींत आणि ध्वनिमुद्रणांत दिसणारे ‘बरोक ट्रम्पेट’ बहुतांशी असे भोकांचे असतात.

या तडजोडीमुळेच शेकडो वादक बरोककडे वळले, हे तिचं ऋण मोठं आहे. पण माझं मन ओढ घेतं ते दुसऱ्या वाटेकडे. फ्रान्सचे ज्याँ-फ्राँस्वा मादफ भोकांशिवाय वाजवतात आणि बाझेलच्या स्कोला कान्तोरुम या 1933 पासूनच्या संस्थेत तसंच शिकवतात. बेल्जियमच्या ‘ला पेतित बांद’ या वाद्यवृंदासोबत त्यांनी दुसरी ब्रँडेनबर्ग असल्या ट्रम्पेटवर वाजवली आहे. वाद्यं घडवणारेही आहेत. कॅनडाचे रॉबर्ट बार्कली हे वस्तुसंवर्धक न्यूरेम्बर्गच्या जुन्या पद्धतीनं ट्रम्पेट घडवायला शिकवतात: पितळेचा पत्रा कापायचा, सळईभोवती गुंडाळून नळी करायची, तोंड हातोडीनं ठोकून पसरवायचं. सांधे पक्के डाग देऊन बंद करत नाहीत. नळ्या एकमेकींत बसवून फटीला मेण लावतात.

भोकांशिवायच्या वाद्यावर स्वर पुरेपूर सरळ होत नाहीत, थोडी वाकडी छटा उरते. बाखला ती ठाऊक होती. त्याच्या 77 क्रमांकाच्या कांटाटात (गायन आणि वाद्यांच्या धार्मिक रचनेत) एक गाणं आहे: माझ्या प्रेमात निव्वळ अपूर्णताच उरली आहे, अशा अर्थाचं. त्यात खर्जाची साथ सोडली तर गायकाला सोबत एकट्या ट्रम्पेटची, आणि बाखनं या ट्रम्पेटला वाद्याला न झेपणारे, अडखळायला लावणारे स्वर एकामागून एक दिलेत. हे त्यानं जाणूनबुजून केलं असं अनेक वादक आणि अभ्यासक मानतात, मलाही तेच पटतं. आधुनिक ट्रम्पेटवर हा भाग गुळगुळीत वाजतो. भोकांशिवायच्या ट्रम्पेटवर वादकाची झुंज श्वासागणिक ऐकू येते, आणि गाण्याचे शब्द त्या झुंजीवरच उभे आहेत.