चार गिगाबाइट बसवले, दिसतात तीनच

२००६ साली आलेला थिंकपॅड टी६० हा लॅपटॉप हौशी मंडळी अजूनही जपून वापरतात. त्याला कीबोर्डाइतकेच आणखी एक कारण आहे : त्याचा प्रोसेसर मदरबोर्डावर डाख देऊन पक्का केलेला नाही, तो सॉकेटमध्ये, म्हणजे पिनांच्या खोबणीत, बसवलेला आहे आणि म्हणून बदलता येतो. याच्याच धाकट्या भावंडात, एक्स६० मध्ये, ही सोय नाही.

टी६० मध्ये सुरुवातीला इंटेलचा कोअर ड्युओ असे. तो ३२ बिटी आहे, म्हणजे एका वेळी ३२ बिटांचे आकडे हाताळतो, आणि आजची खरी अडचण त्याच्या वेगापेक्षा हीच आहे, कारण ब्राउझर आणि लिनक्सची बहुतेक वितरणे आता ६४ बिटी प्रोसेसर गृहीत धरतात. त्याच वर्षी काही महिन्यांनी आलेला कोअर २ ड्युओ ६४ बिटी होता आणि तो त्याच ‘सॉकेट एम’मध्ये बसत होता. त्यातल्या २.३३ गिगाहर्ट्‌झच्या टी७६०० मध्ये ४ मेगाबाइट कॅश (प्रोसेसरमधलीच छोटी, वेगवान मेमरी) आहे, म्हणजे कोअर ड्युओच्या दुप्पट. उष्णतेचे मानांकन मात्र ३१ वॉटवरून ३४ वॉटवरच जाते. खरेदी करताना क्रमांक नीट वाचावा : टी७२०० चालतो, टी७३०० चालत नाही, कारण तो पुढच्या ‘सॉकेट पी’चा आहे आणि त्याच्या पिना ४७८ च असल्या तरी मांडणी निराळी आहे. बायोस (यंत्र सुरू करणारी मदरबोर्डावरची आज्ञावली) जुने असेल तर नवा प्रोसेसर ओळखता यावा म्हणून ते जुना प्रोसेसर जागेवर असतानाच अद्ययावत करून घ्यावे.

कीबोर्ड आणि हात टेकवण्याची पट्टी काढली की पंखा दिसतो. तो उचलल्यावर प्रोसेसरवर बहुधा थर्मल पेस्टचे (उष्णता वाहून नेणाऱ्या लेपाचे) वाळून खडूसारखे झालेले पापुद्रे सापडतात; ते अल्कोहोलने पुसावे लागतात. सॉकेटचा स्क्रू अर्धा वळसा फिरवला की पिनांवरची पकड सुटते आणि चिप अलगद हाती येते. नवी चिप कोपऱ्यातली खूण जुळवून ठेवावी आणि ती आपल्या वजनाने खाली बसली नाही तर मुळीच दाबू नये. एखादी पीन वाकलेली असण्याचीच शक्यता जास्त.

मेमरीचे गणित जरा चमत्कारिक आहे. टी६० मध्ये डीडीआर२ या प्रकारच्या मेमरीच्या दोन पट्ट्या बसतात आणि २ गिगाबाइटच्या दोन घातल्या, तरी वापरायला सुमारे तीनच गिगाबाइट मिळतात. या पिढीत मेमरीचे नियंत्रण प्रोसेसरकडे नाही, ९४५ मालिकेतल्या चिपसेटकडे (प्रोसेसर आणि इतर भाग जोडणाऱ्या चिपांकडे) आहे आणि त्याला ३२ बिटी पत्तेच कळतात. प्रत्येक बाइटला एक पत्ता लागतो आणि असे पत्ते एकूण ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे चार गिगाबाइटपुरतेच. याच पत्त्यांतून ग्राफिक्स, वायफाय आणि बायोस यांनाही वाटा द्यावा लागतो. त्यांच्या पत्त्यांखाली दबलेली मेमरी चार गिगाबाइटच्या पलीकडे हलवून पुन्हा उपलब्ध करण्याची युक्ती या चिपसेटमध्ये नाही, त्यामुळे ६४ बिटी प्रोसेसर आणि ६४ बिटी प्रणाली घालूनही तो चौथा गिगाबाइट हाती लागत नाही.

तरीही माझ्या मते २ गिगाबाइटच्या दोन सारख्या पट्ट्याच घ्याव्यात, कारण जोडी सारखी असली की चिपसेट दोन्हींतून एकाच वेळी माहिती वाचतो. मूळच्या ५१२ मेगाबाइटवर चालणारे यंत्र जागा संपली की हार्ड डिस्ककडे धावते आणि तिथून उत्तर यायला मेमरीच्या साधारण लाखपट वेळ लागतो. ही धावाधाव तीन गिगाबाइटमध्येही बरीचशी थांबते.