‘हिला सूर आहे का?’ : एका पुणेरी प्रश्नाची पार्श्वभूमी

जून उजाडला की पुण्यातल्या गाण्याच्या क्लासांत नव्या मुलांची वर्दळ सुरू होते. पालक दारातच विचारतात, ‘हिला सूर आहे का, तेवढं बघता का?’ शिक्षक पेटीवर एक स्वर धरतात, मुलीला ‘सा’ लावायला सांगतात आणि पाच मिनिटांत निकाल लागतो. सूर आहे, किंवा नाही. घरी परतताना तो निकाल मुलीबरोबर जातो आणि पुष्कळदा जन्मभर तिच्यासोबत राहतो. चाळिशीतली किती तरी माणसं अजून सांगतात, ‘मला गाण्यातलं काही कळत नाही, लहानपणी बाईंनी सांगितलं होतं.’

हा प्रश्न फार जुना नाही. भोंडल्याच्या फेरात उभ्या राहणाऱ्या मुलीला तो कुणी विचारला नव्हता. ती गाणी चार-पाच स्वरांत फिरतात आणि फेर धरणाऱ्या सगळ्या जणी ती म्हणतात. आळंदीच्या वाटेवर टाळ धरून चालणाऱ्या पोरालाही कुणी विचारलं नाही. सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाल्यावर जे मेळे निघाले, त्यांत पोरांच्या टोळ्या पदं म्हणत पेठांतून फिरत. त्यात आवाज चांगला असलेला पुढे उभा राही, बाकीचे मागे साथ देत. पण मागचा सुरातून घसरला म्हणून त्याला घरी पाठवत नसत.

निवड आली ती रंगभूमीबरोबर. १८८० मध्ये पुण्यात संगीत नाटक उभं राहिलं आणि नाटक मंडळ्यांना गाणारी मुलं हवी झाली, कारण स्त्रीभूमिका पुरुषच करत. नाजूक अंगाचा, गोड गळ्याचा दहा-बारा वर्षांचा मुलगा म्हणजे मंडळीची पुंजी. ‘गाता गळा’ हा शब्द तेव्हा नुसत्या कौतुकाचा नव्हता, त्याला बाजारात किंमत होती. आवाज फुटला की ती किंमत डळमळायची. मुलाची संगीताची समज त्याच्या गळ्यावरून मोजायची सवय आपल्याला इथेच लागली असावी, असं मला वाटतं.

त्यानंतरचा टप्पा शाळांचा. लाहोरला १९०१ मध्ये जे गायन विद्यालय निघालं, त्याच्या परंपरेतलं विद्यालय पुण्यात १९३२ मध्ये सुरू झालं. त्याच्या आदल्या वर्षी परीक्षा घेणारं मंडळही उभं राहिलं होतं. त्या काळी मध्यमवर्गीय घरातल्या मुलीनं गाणं शिकणं ही सोपी गोष्ट नव्हती, आणि या शाळांनी ती सोपी केली, हे ऋण मोठं आहे. वर्ग, फळा, स्वरलिपी, वेळापत्रक आणि प्रमाणपत्र यांमुळे गाणं सभ्य घरांच्या दारातून आत आलं. पण याच वाटेनं एक शब्दही आत आला, आणि आजचा बराचसा गोंधळ त्याच शब्दात आहे. तो शब्द म्हणजे ‘स्वरज्ञान’.

क्लासमध्ये हा शब्द एकाच दिवशी तीन अर्थांनी वापरला जातो. पहिला अर्थ ऐकण्याचा: दोन स्वरांतला कुठला चढा आणि कुठला उतरलेला हे कळणं, चाल बदलली की ते खटकणं. दुसरा अर्थ लावण्याचा: ऐकलेला स्वर गळ्यातून तसाच काढता येणं. तिसरा अर्थ नावाचा: चाल ऐकून ‘हे ग म ध प आहे’ असं सांगता येणं. स्वरलिपी आणि परीक्षा आल्यावर तिसरा अर्थ सगळ्यात वजनदार झाला, कारण तो तपासायला सोपा. परीक्षकाने चार स्वर ‘आ’कारात गायचे, मुलानं नावं सांगायची, गुण पडतात.

या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि त्या एकत्र वाढतीलच असं नाही. वारकरी घरातला मुलगा पखवाजाच्या नादावर अभंगाची चाल कणभर न हलवता म्हणतो, त्याला एकाही स्वराचं नाव येत नाही. क्लासच्या भाषेत त्याला ‘स्वरज्ञान नाही’. उलट, अलंकार म्हणजे स्वरांचे ठरावीक पलटे पटापट म्हणणारी, नावं अचूक सांगणारी मुलगी एखाद्या जागेवर कणसूर होते, म्हणजे सुरापासून कणभर ढळते, आणि तिला ते ऐकूच येत नाही. तिच्या प्रमाणपत्रावर मात्र प्रथम श्रेणी असते. आणि एक तिसरं मूल असतं, ज्याच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. त्याचा गळा अजून वळत नाही, पण दुसऱ्याचा सूर उतरला की त्याच्या कपाळाला आठी पडते. त्याचा कान तयार आहे. त्याला आपण ‘बेसूर’ म्हणून घरी पाठवतो.

यात पट्टीचा, म्हणजे ‘सा’ कुठल्या उंचीवर धरायचा याचा, भाग मोठा आहे आणि तो फार कमी बोलला जातो. पुरुष शिक्षक बहुधा काळी एकच्या, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या, आसपास गातात. सात-आठ वर्षांच्या मुलाचा आवाज बायकांच्या जवळचा. काळी चार, काळी पाच त्याला सोयीची. शिक्षकाच्या पट्टीत त्याला ‘सा’ लाव म्हटलं तर खालचा स्वर त्याच्या गळ्यात नाही आणि तोच स्वर वरच्या सप्तकात घ्यायचा हे त्याला उमगत नाही. मग मूल मधे कुठे तरी जाऊन थांबतं आणि आपण म्हणतो, सूर नाही. लहान मुलं पुरुषाच्या आवाजापेक्षा बाईच्या किंवा दुसऱ्या मुलाच्या आवाजाला सहज सूर मिळवतात, हे अभ्यासकांनीही पाहिलेलं आहे. माझ्या शाळेत समूहगीतासाठी निवड व्हायची तेव्हा मला ‘नुसते ओठ हलव’ असं सांगितलं होतं. पट्टी पांढरी एक होती, हे मला फार उशिरा समजलं.

पेटी आपल्या गाण्याला चालते की नाही, हा वाद याला जोडूनच येतो. नभोवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. क्लासांत मात्र त्या तीस वर्षांतही पेटीच खरी गुरू होती. तंबोऱ्याच्या खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या स्वराच्या, तारेतून जो गंधार (‘ग’) आपोआप ऐकू येतो, त्यापेक्षा पेटीचा शुद्ध गंधार थोडा चढा असतो. तेवढ्यावरून एखाद्या मुलाला बेसूर ठरवावं एवढा हा फरक मोठा नाही. पण रोज पेटीबरोबर गाणाऱ्या मुलाचा कान त्याच गंधाराला सरावतो, आणि पुढे तंबोऱ्यावर बसल्यावर त्याला तो स्वर पुन्हा शोधावा लागतो. घरी तंबोरा परवडत नव्हता, लावायलाही कुणी नव्हतं. आता मोबाइलवर तानपुरा फुकट वाजतो, तरी मुलाच्या पहिल्या दिवशी पुढे येते ती पेटीच.

तिकडे अमेरिकेत १९१९ मध्ये एका मानसशास्त्रज्ञानं मुलांची संगीतक्षमता ध्वनिमुद्रिकांवरून मोजायची कसोटी काढली होती. दोन स्वर ऐकवायचे, दुसरा चढा की उतरलेला ते विचारायचं. तसंच आवाजाचा जोर, काळाचं भान, स्वरांची स्मृती. त्या कसोटीवर टीका पुष्कळ झाली, कारण सुटे स्वर म्हणजे गाणं नव्हे. पण तिच्यात एक गोष्ट होती जी आपल्या पाच मिनिटांच्या तपासणीत नाही: मुलाला गावं लागत नव्हतं, फक्त ऐकावं लागत होतं.

अलीकडचं संशोधन तर याहून स्पष्ट आहे. जन्मून दोन-तीन दिवस झालेल्या बाळांवर केलेला एक प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ठेक्यातली मुख्य मात्रा गाळली की झोपलेल्या बाळाच्याही मेंदूत त्याची नोंद होते, असं त्यात दिसलं. म्हणजे समेची, ठेक्याच्या पहिल्या मात्रेची, चुणूक आपण जन्मतःच घेऊन येतो. आणि ज्यांना चालीतला बिघाड खरोखर ऐकू येत नाही, अशा माणसांचं प्रमाण पूर्वी चार टक्के मानलं जाई. २०१७ च्या एका मोठ्या पाहणीत ते दीड टक्क्याच्या आसपास आलं. शंभर मुलांत एखाद-दुसरं. आपल्या क्लासांच्या दारातून ‘सूर नाही’ म्हणून परतलेल्यांची संख्या याच्या कैक पट असणार.

दूरदर्शनपेक्षा खासगी वाहिन्यांनी हे सगळं अधिक घट्ट केलं. २००८-०९ मधल्या बालगायकांच्या मराठी स्पर्धेनंतर क्लासांत झुंबड उडाली, आणि संगीताची आवड म्हणजे मंचावर गाणं, एकट्यानं, मोठ्यांची गाणी, मोठ्यांच्या हावभावांसकट, असं घराघरात ठसलं. त्या मुलांनी अप्रतिम गायलं, यात शंका नाही. पुढे दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळू लागले. हेतू चांगला होता: कलेला अभ्यासक्रमात मान मिळावा. झालं असं की सहावी-सातवीतच पालक परीक्षांचा हिशेब मांडू लागले आणि गुण पदरात पडल्यावर तंबोरा कपाटावर गेला. ढोल-ताशा पथकात उन्हात तीन तास ताशाची लय न सोडणाऱ्या मुलीला मात्र ‘संगीताची आवड आहे’ असं घरात कुणी म्हणत नाही.

थोडे शिक्षक आता वेगळी सुरुवात करतात. पहिल्या दिवशी पेटी झाकलेलीच असते. मुलाला विचारतात, ‘तुला येणारं कुठलंही गाणं म्हण.’ ते जिथून सुरू करेल तिथून करू देतात, दोन ओळी होऊ देतात, मग पेटी उघडून त्याच्या आवाजाखाली त्याची पट्टी शोधतात.